धर्म बदलला, घर सुटले
(फारसी भाषिक ख्रिस्ती निर्वासितांची कहाणी)

ऑक्टोबर १९७९. इराणमधील इस्फहान शहर. बिशप हसन देहकानी-तफ्ती आणि त्यांच्या पत्नी मार्गारेट घरात झोपलेल्या असताना बंदूकधारी आत शिरले व त्यांनी अगदी जवळून गोळ्या झाडल्या. गोळ्या उशीत घुसल्या आणि बिशप वाचले. त्यांना वाचवण्यासाठी अंगावर झेपावलेल्या मार्गारेटबाईंच्या हाताला मात्र गोळी लागली. पुढे साधारण सहाच महिन्यांनी, मे १९८० मध्ये, त्यांचा एकुलता एक मुलगा बहराम याचा खून झाला. वय अवघे चोवीस! वडील तेव्हा देशाबाहेर होते. पोटच्या पोराच्या अंत्यविधीलाही त्यांना जाता आले नाही.

या कुटुंबाचा असा काय गुन्हा होता?

हसन यांचा जन्म १९२० सालचा, यझदजवळच्या तफ्त या खेड्यातला. घराणे मुसलमान. आईने ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. ती माउली मुलगा लहान असतानाच गेली. मुलाने मिशनच्या शाळेत शिक्षण घेतले, तरुणपणी बाप्तिस्मा घेतला आणि १९६१ मध्ये तो इराणच्या अँग्लिकन चर्चचा पहिला इराणी बिशप झाला. परक्यांनी आणलेला म्हणून ओळखला जाणारा धर्म त्याने फारसी बोलीत, फारसी काव्याच्या थाटात आपलासा केला. नेमके हेच अनेकांना खुपत होते.

दवाखाना, शाळा आणि पुस्तक

इराणमधील मिशनचे काम तसे जुने. हेन्री मार्टिन हा तरुण पाद्री हिंदुस्थानातून १८११ साली मुंबईमार्गे जहाजाने इराणला गेला. शिराझमध्ये तेथील विद्वानाला सोबत घेऊन त्याने नव्या कराराचे फारसी भाषांतर पुरे केले आणि १८१२ मध्ये परतीच्या वाटेवर, वयाच्या ३१ व्या वर्षी, तो वारला. पुढे रॉबर्ट ब्रूस हा मिशनरी १८६९ मध्ये इस्फहानला आला. थोड्याच काळात भीषण दुष्काळ पडला. ब्रूस भुकेल्यांना अन्न देण्यासाठी आणि अनाथ मुलांसाठी तेथेच राहिला. मग दवाखाने निघाले, मुलींच्या शाळा निघाल्या, अंधांसाठी शाळा निघाली. धर्म बदलणारे मात्र मोजकेच राहिले.

१९७९ च्या क्रांतीनंतर हे दवाखाने आणि शाळा ताब्यात घेण्यात आल्या. इराणच्या राज्यघटनेचे १३ वे कलम ख्रिस्ती, ज्यू आणि पारशी यांना अल्पसंख्याक म्हणून मान्यता देते. मग छळ कुणाचा? इथेच गोम आहे. आर्मेनियन आणि असिरियन हे जन्माने ख्रिस्ती. त्यांनी आपल्या भाषेत प्रार्थना केली तर चालते. पण मुसलमान घरात जन्मलेल्या माणसाने ख्रिस्ती होणे शासनाला मान्य नाही. जन्माने मिळालेला धर्म चालतो, विचार करून निवडलेला चालत नाही!

मेहदी दिबाज यांचेच पाहा. ते अनेक वर्षे तुरुंगात होते. धर्मांतर केले म्हणून डिसेंबर १९९३ मध्ये त्यांना फाशीची शिक्षा झाली. त्यांच्यासाठी जगभर आवाज उठवला तो हाइक होवसेपियान या पाद्र्याने. जानेवारी १९९४ मध्ये दिबाज सुटले, पण काही दिवसांतच हाइक बेपत्ता झाले आणि त्यांचा खून झाल्याचे उघड झाले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात दिबाज यांचाही खून झाला. फारसीतून उपासना करणारी चर्च एकामागून एक बंद पडली. लोक घराघरांत, दारे लावून, हळू आवाजात प्रार्थना करू लागले. तेथेही धाडी पडतात. रश्त शहरातील पाद्री युसेफ नदरखानी यांना २०१० मध्ये फाशीची शिक्षा झाली होती. ते २०१२ मध्ये सुटले, पण पुढे पुन्हा तुरुंगात गेले.

श्रद्धेचा पुरावा कोठून आणायचा?

मग माणसे देश सोडतात. अनेकजण आधी तुर्कस्तानात जातात. युरोपाबाहेरून आलेल्याला तो देश कायमचा आश्रय देत नाही. ठरवून दिलेल्या गावात राहायचे आणि तिसऱ्या देशाच्या होकाराची वर्षानुवर्षे वाट पाहायची. तेथील छोट्या फारसी मंडळ्या नव्याने आलेल्याला खोली शोधून देतात, अर्ज भरून देतात, आजारपणात सोबत करतात. जर्मनीत बर्लिनच्या श्टेग्लित्झ भागातील एका चर्चमध्ये इराणी आणि अफगाणी माणसांनी बाके भरून जातात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलच्या कॅथेड्रलमध्ये फारसी उपासना सुरू झाली.

पण येथे नवाच प्रश्न उभा राहतो. हा माणूस खरोखर ख्रिस्ती झाला की राहण्याचा परवाना मिळावा म्हणून? अधिकारी बायबलमधले प्रश्न विचारतात. सणांची नावे आठवली नाहीत तर माणूस खोटा! कार्यालयात कागद हाताळणाऱ्या कुणालाही कळेल की पाठांतर तपासता येते, मन तपासता येत नाही. २०१६ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने स्वीडनविरुद्धच्या एका खटल्यात निर्णय दिला, की धर्मांतरित इराणी माणसाला परत धाडल्यास त्याचे काय होईल, हे नीट तपासल्याशिवाय त्याला परत पाठवता येणार नाही.

काहीजण खोटे बोलतही असतील. म्हणून मिशनवाल्यांवरही जबाबदारी येते. भाकरी द्यावी, पण भाकरीच्या बदल्यात बाप्तिस्मा मागू नये. चांगले पाद्री महिनोन्‌महिने शिकवल्याशिवाय बाप्तिस्मा देत नाहीत, ते योग्यच आहे.

वाचकहो, आपला आणि त्यांचा धर्म वेगळा आहे. पण धर्म बदलणाऱ्याला काय सोसावे लागते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. १९५६ च्या दीक्षेनंतर आपल्याही माणसांना हेतू विचारला गेला आणि अनुसूचित जातीच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली.

देहकानी-तफ्ती कुटुंब इंग्लंडमध्ये निर्वासित झाले. हसन यांनी मुलाच्या मारेकऱ्यांसाठी क्षमेची प्रार्थना लिहिली. २००८ मध्ये परक्या मातीतच त्यांनी डोळे मिटले. देश सोडताना तेरा वर्षांची असलेली त्यांची मुलगी गुली २०२१ मध्ये चेम्सफर्डची बिशप झाली. जिला आपल्या गावी प्रार्थना करता आली नाही, ती परक्या देशात धर्मपीठावर बसली. पण भावाची कबर इस्फहानला राहिली, ती राहिलीच.