आगबोट ते पर्यटन जहाज : बेटावर निघण्यापूर्वी

२० मार्च १८३० रोजी ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबई बंदरातून सुवेझकडे निघाली, तेव्हा तिच्यावर माणसांपेक्षा कोळशालाच अधिक जागा देण्यात आली होती. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी-कारागिरांनी बांधलेल्या या ४११ टनी बोटीत जेमतेम साडेपाच दिवस पुरेल इतका कोळसा ठेवण्याची सोय होती. एडनपर्यंतच्या पहिल्याच टप्प्यास त्याच्या दुप्पट कोळसा लागणार होता. म्हणून तळाची कोठारे भरली, केबिनी भरल्या, डेकवरही ढीग रचण्यात आले. एडनला पोहोचेपर्यंत हा सारा साठा जवळजवळ संपुष्टात आला होता. वाटेत ठिकठिकाणी कोळसा घेत ती २२ एप्रिल रोजी सुवेझला पोहोचली. आफ्रिकेला वळसा घालून शिडाच्या जहाजाने इंग्लंडला जाण्यास त्या काळी कित्येक महिने लागत. समुद्रप्रवासाची मुदत वाऱ्याच्या मर्जीवर न राहता कोळशाच्या हिशेबाने ठरू शकते, हे या छोट्या बोटीने दाखवून दिले.

आज सुटीत लक्षद्वीप, अंदमान किंवा जवळच्या घारापुरीस जाणाऱ्या प्रवाशास या जुन्या इतिहासाशी काय कर्तव्य, असा प्रश्न साहजिक आहे. परंतु जहाजावर पाऊल ठेवताच ज्या सूचना त्याच्या कानावर पडतात, आणि ज्यांकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते, त्यांतील जवळजवळ प्रत्येक सूचनेमागे एखाद्या जहाजाची कहाणी आहे. ती ठाऊक असली तर सूचना कंटाळवाणी वाटत नाही.

टपालासाठी धावणारी जहाजे

‘लायनर’ म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे ये-जा करणारे जहाज. या जहाजांचा खरा पोशिंदा प्रवासी नव्हता, तर टपाल होते. सरकारी टपाल वेळेवर पोहोचविण्याचा करार मिळाला की कंपनी उभी राही. कुनार्ड यांच्या कंपनीची ‘ब्रिटानिया’ ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून अमेरिकेकडे निघाली ती अशाच करारावर. पूर्वेकडील टपालाचे काम पी. अँड ओ. कंपनीकडे आले, आणि १८५४ मध्ये मुंबई-सुवेझ मार्गही तिने ईस्ट इंडिया कंपनीकडून आपल्याकडे घेतला. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुवेझचा कालवा खुला झाल्यावर मुंबई हे या वाहतुकीचे हिंदुस्थानातील प्रवेशद्वारच बनले.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मोहनदास गांधी नावाचा तरुण मुंबईहूनच ‘क्लाइड’ या बोटीने विलायतेस निघाला. २९ ऑगस्ट १९३१ रोजी गोलमेज परिषदेसाठी महात्मा गांधी ‘राजपुताना’ बोटीने निघाले तेही येथूनच. ८ जुलै १९१० रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी मार्सेलिस बंदरात जीतून उडी घेतली, ती ‘मोरिया’ ही बोटही पी. अँड ओ.चीच. या जहाजांचा डेक सांभाळणारे खलाशी बहुधा रत्नागिरीकडचे, तर जेवणघर सांभाळणारे गोव्याचे असत. साहेबांच्या आठवणींत त्यांची नावे क्वचितच आढळतात. कोकणातील कित्येक घरे मात्र त्यांच्या मनीऑर्डरींवर उभी राहिली. या मक्तेदारीस पहिला मोठा धक्का दिला तो सोलापूरचे वालचंद हिराचंद आणि त्यांचे सहकारी यांनी स्थापन केलेल्या सिंदिया कंपनीने. ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीची ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनकडे निघाली. १९६४ पासून हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळण्यात येतो.

पुढील पन्नास वर्षांतील वेगाची स्पर्धा थोडक्यात सांगता येईल. वाफेच्या टर्बाइनवर चालणाऱ्या ‘मॉरिटेनिया’ने अटलांटिक ओलांडण्याचा विक्रम सुमारे वीस वर्षे राखला, आणि १९५२ साली ‘युनायटेड स्टेट्स’ जहाजाने ते अंतर ३ दिवस, १० तास व ४० मिनिटांत कापले. सहाच वर्षांनी, १९५८ मध्ये, जेट विमानांची नियमित सेवा अटलांटिकवर सुरू झाली आणि या विक्रमांचे महत्त्व संपले.

नियम कोठून आले

१५ एप्रिल १९१२ रोजी ‘टायटॅनिक’ बुडाली त्या वेळी तिच्यावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवनौकांत जागा होती १,१७८ जणांची. यात कायद्याचा भंग झाला नव्हता, ही त्यातील सर्वांत दुःखद बाब होय. त्या वेळचा नियम १०,००० टनांपर्यंतची जहाजे डोळ्यांपुढे ठेवून केलेला होता. जहाजे ४६,००० टनांची झाली, तरी नियम तेथेच राहिला. शिवाय, असलेल्या जीवनौकाही सुरुवातीस अर्ध्या रिकाम्या सोडण्यात आल्या, कारण तोवर बोट बुडेल यावर पुष्कळांचा विश्वास बसत नव्हता. जवळच असलेल्या ‘कॅलिफोर्नियन’ जहाजावरील बिनतारी संदेश घेणारा एकटाच कर्मचारी दिवसाचे काम आटोपून झोपी गेला होता. दीड हजारांहून अधिक माणसे प्राणास मुकली. २० जानेवारी १९१४ रोजी लंडन येथे समुद्रावरील जीवितसुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला: प्रत्येक माणसासाठी जीवनौकेत जागा, कवायत आणि बिनतारी यंत्रावर चोवीस तास पहारा. महायुद्धामुळे तो अंमलात आला नाही. १९२९ साली नवा करार करावा लागला, आणि १९७४ सालच्या कराराची सुधारित आवृत्ती आज सर्वत्र लागू आहे.

आपल्या किनाऱ्यास हा धडा फार जवळून मिळाला. १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात, भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली. पावसाच्या माऱ्यापासून बचावण्यासाठी प्रवासी एका बाजूस सरकले, बोट कलली आणि वरून लाट आली, असे त्या हकिकतींत सांगितले जाते. सहाशेहून अधिक माणसे बुडाली. मुंबई अवघ्या काही मैलांवर होती. परंतु बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते आणि शहरास वार्ता कळण्यास कित्येक तास गेले. ज्यांचे प्राण वाचले त्यांतील अनेकांना रेवसच्या कोळी बांधवांनी आपल्या होड्यांत ओढून घेतले. रायगड जिल्ह्यातील घराघरांत ही आठवण अद्याप सांगितली जाते.

जेट विमान आल्यावर लायनरचे काम संपले, पण जहाजे संपली नाहीत. ती पर्यटनास लागली. लायनरचा तळ खोल आणि नाळ धारदार, कारण तिला कोणत्याही हवामानात वेळ गाठावयाची असे. पर्यटन जहाज उथळ तळाचे आणि इमारतीसारखे उंच असते, कारण त्यास बेटांच्या जवळ जावयाचे असते व घाई नसते. किनाऱ्याजवळ जाण्याचा हाच मोह इटलीतील ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ला भोवला. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री जिल्यो बेटाला अगदी खेटून जाताना ती खडकावर आदळली. सुमारे ४,२०० माणसांपैकी ३२ दगावली. त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांची कवायत झालेली नव्हती. ती चोवीस तासांच्या आत घेतली तरी चालत असे. १ जानेवारी २०१५ पासून ही कवायत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक झाले.

मुंबईकरांना तर यासाठी इतके दूरही पाहावे लागत नाही. १८ डिसेंबर २०२४ रोजी दुपारी घारापुरीस निघालेल्या ‘नील कमल’ बोटीस नौदलाच्या चाचणीवरील वेगवान नौकेची धडक बसली आणि १५ जण मृत्युमुखी पडले. हा पावसाळा नव्हता, की वादळही नव्हते. त्यानंतर गेटवेहून निघणाऱ्या बोटींवर जीवरक्षक जाकीट घालण्याची सक्ती करण्यात आली.

प्रवाशांसाठी काही सूचना

जहाजावर चढल्यावर सामान लावण्यापूर्वी आपली जमण्याची जागा कोणती व तेथे जाण्याचा जिना कोठे, हे पाहून घ्यावे. सात आखूड आणि एक लांब भोंगा वाजला की तो धोक्याचा इशारा समजावा. जाकीट लहान मुलांच्या मापाचे वेगळे असते. ते नसल्यास मागावे, आणि मिळत नसल्यास त्या बोटीत मुलांना घेऊन बसू नये. येथे भीड बाळगण्याचे कारण नाही. हवेने फुगणारे जाकीट खोलीत फुगवू नये, कारण पाणी शिरल्यास ते माणसास छतापाशी अडकवून ठेवते.

लक्षद्वीपला जाण्यासाठी प्रवेश-परवाना लागतो, तो आगाऊ मिळवावा. कोचीहून बेटे साधारण १४ ते २० तासांच्या अंतरावर आहेत. अनेक बेटांभोवती प्रवाळाचे कडे आणि आत उथळ पाणी असल्याने मोठे जहाज बाहेरच नांगर टाकते आणि प्रवाशांना लहान बोटीत उतरावे लागते. कोकणातील वडीलधाऱ्यांना ही पद्धत नवी नाही; बोट खोल पाण्यात उभी राही आणि पडाव येऊन माणसे घेऊन जात, तसेच हे. दोन्ही हात मोकळे असावेत, सामान खलाशाकडे द्यावे, आणि लहान बोट लाटेवर वर आलेली असताना खलाशी सांगेल त्याच क्षणी पाऊल टाकावे. मनाने घाई करणाराच पाण्यात पडतो.

मराठीत ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. ज्यांना बोट लागते त्यांनी जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावरील जागा घ्यावी. तेथे हेलकावे कमी बसतात. उपाशीही राहू नये आणि भरपेटही जेवू नये. औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रवासापूर्वी घ्यावे, ओकारी सुरू झाल्यावर त्याचा फारसा उपयोग होत नाही. वाचन बंद करून मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहत बसावे.

बेटावर गोडे पाणी किती मोलाचे असते, हे आपल्यास सहसा उमगत नाही. कवरत्ती येथे समुद्राच्या पृष्ठभागाचे कोमट आणि खोलातील थंड पाणी वापरून दररोज १ लाख लिटर गोडे पाणी करणारा प्रकल्प २००५ साली उभारावा लागला, यावरून कल्पना यावी. पाहुण्याने बादलीभर पाण्यात भागवावे. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणूनही उचलू नये, तो कायद्याने गुन्हा आहे.

शिक्षकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. प्रस्तुत लेखकास काही वर्षांपूर्वी एका शालेय सहलीसमवेत राजपुरीहून जंजिऱ्यास जाण्याचा योग आला. शिडाची होडी किल्ल्याजवळ येताच बुरूज पाहण्यासाठी मुले एका अंगाला धावली; तांडेलाने एवढ्या मोठ्याने “खाली बसा!” म्हणून दरडावले की शिक्षकही बसले. त्या वेळी मनात ‘रामदास’ येऊन गेली, हे कबूल करावयास हवे. मुख्याध्यापिकाबाईंनी निघण्यापूर्वी मुलांच्या नावांची यादी दोन प्रतींत केली होती. एक त्यांच्या पिशवीत होती. दुसरी त्यांनी धक्क्यावरील चहावाल्याकडे ठेवली होती. बोटीबरोबर यादीही बुडाली तर शोधणाऱ्यांनी कोणास शोधावे, असे त्यांनी सहज विचारले होते. संध्याकाळी परतल्यावर बाईंनी ती प्रत मागून घेतली, धक्क्यावरच मुले रांगेत उभी केली आणि एकेक नाव वाचले. बेचाळीस होती.