बोळाच्या तोंडाशी साचणारा कचरा
रात्री पिशव्या कोण टाकतं, यावरून आमच्या मोहल्ल्यात भांडणं पुष्कळ झाली. पण घंटागाडी येते तीच मुलांच्या डब्यांच्या वेळी. गाडी चुकली की पिशवी बोळात, आणि पावसाळ्यात तीच गटारात! पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक भगिनी दारोदार जाऊन कचरा घेतात. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा ठेवायला सांगितलं. डायपर गुंडाळून द्यायचे, हेही त्यातच. गाडीची वेळ बदलण्यासाठी वॉर्ड ऑफिसात अर्ज द्यावा, त्यावर बायकांच्या सह्या हव्यात. पुरुषांना गाडीची वेळही ठाऊक नसते. अर्ज बकरी ईदआधी जावा. त्या तीन दिवसांसाठी जादा फेरीही मागायची आहे.