एक चित्रण, शंभर वाहिन्या

१ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूरच्या स्वप्नील कुसळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ऑलिंपिक कांस्यपदक जिंकलं, ते फ्रान्समधल्या शातोरूच्या रेंजवर. आपण ते घरबसल्या पाहिलं, पण ते मूळ चित्रण भारतीय वाहिनीचं नव्हतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००१ साली स्थापन केलेली ओबीएस ही संस्था सगळ्या देशांसाठी एकदाच चित्रण करते. अंतिम फेरीतले आठही नेमबाज तिला सारखेच. कोणत्याही देशाकडे झुकायचं नाही, हे तिचं पथ्य मला फार मोलाचं वाटतं.

या चित्रणात रायफलचे बार असतात, प्रेक्षकांचा गलका असतो. समालोचन मात्र नसतं. सगळं आधी प्रसारण केंद्रात पोहोचतं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी हे केंद्र ल बुर्जेला होतं. तिथून हक्कधारक वाहिन्या चित्रण उचलतात आणि त्यावर आपापल्या भाषेतलं समालोचन चढवतात. समालोचक पुष्कळदा मायदेशीच स्टुडिओत पडद्यासमोर बसलेला असतो.

पण चित्रण इतक्या दूर पोहोचतं कसं? १९६४च्या टोकियो ऑलिंपिकची दृश्यं सिनकॉम-३ या उपग्रहाने पॅसिफिकपार अमेरिकेत पोहोचवली. असे उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात, त्यामुळे सिग्नल वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो. समुद्रतळाच्या फायबर केबलमधून तो लवकर येतो. खरा उशीर होतो मोबाइलवर, कारण तिथे चित्रण छोट्या तुकड्यांत येतं आणि काही तुकडे साठल्यावरच दिसू लागतं. म्हणून शेजारच्या टीव्हीवरचा जल्लोष आधी ऐकू येतो.