पदकाच्या कडेवरील नाव

बेळगावास 1922 पासून मराठा पलटणीचे शिक्षणकेंद्र आहे. त्यामुळे येथील जुन्या घरांच्या पेट्यांतून अजूनही टोपीवरचे बिल्ले, कमरेचे पट्टे आणि पदके निघतात. अशा वस्तू जमविणारे आम्ही चार-पाच छांदिष्ट वर्षातून एकदा एका स्नेह्याच्या माडीवर आपापला संग्रह मांडतो. शेजारीपाजारी येतात, चहा होतो आणि ज्याची वस्तू त्याने तिची हकीकत सांगावयाची, असा रिवाज आहे.

या खेपेस एका मित्राने पहिल्या महायुद्धातील रुपेरी पदक मांडले होते. एका बाजूस पंचम जॉर्ज बादशहाचा मुखवटा, दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि 1914 व 1918 ही साले. पदक त्याने सराफाकडून वजनावर घेतले होते. पाहावयास आलेल्या एका वृद्ध बाईंनी ते हाती घेतले आणि विचारले, “हे कुणाचं?”

मित्राने भिंग पुढे केले. पदकाच्या कडेवर बारीक इंग्रजी अक्षरे होती : आधी शिपायाचा क्रमांक, मग हुद्दा, नाव आणि शेवटी 110 वी मराठा पलटण. मग त्याने कूट-अल-अमाराची कथा सांगितली. डिसेंबर 1915 मध्ये तैग्रिस नदीच्या वळणावरील त्या गावास तुर्कांनी वेढा घातला. 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी आत अडकल्या. अन्न संपत आले, घोडी मारून खावी लागली. अखेर 29 एप्रिल 1916 रोजी सैन्य शरण गेले. पुढे कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत असंख्य शिपाई मेले.

बसऱ्यास त्या रणक्षेत्रातील मृतांचे स्मारक आहे. 1929 साली त्याचे अनावरण झाले. अधिकाऱ्यांची नावे तेथे कोरली गेली. सामान्य हिंदी शिपाई मात्र पलटणीगणिक केवळ संख्येने मोजले गेले. या भेदभावाबद्दल युद्धस्मारकांच्या आयोगाने 2021 मध्ये क्षमा मागितली. म्हणजे स्मारकाने जे नाव गाळले, ते पदकाच्या कडेने जपले होते!

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “आमच्याकडंही असंच एक होतं, मामंजींचं. 1980 साली चांदी चढली तेव्हा मोडलं. थोडी भर घालून लेकीचे पैंजण केले. कडेला नाव असतं, हे कुणाला ठाऊक होतं?”

त्यांना दोष कोण देणार? ते पदक चांदीचे, वजन जेमतेम अडीच तोळे. अडीअडचणीला घरोघरी तेच झाले असेल.

वाचकांस एवढीच विनंती. घरात असे पदक असेल तर प्रथम त्याची कड वाचा आणि नाव, क्रमांक, पलटण वहीत उतरून ठेवा. पदक चिंच किंवा राखेने घासू नका. प्रत्येक घासणीगणिक अक्षरे झिजतात. लोकरी कापडात वा रबरी पट्टीने बांधून ठेवू नका, चांदी काळवंडते. स्वच्छ सुती कापड उत्तम. एकाच माणसाची दोन-तीन पदके असल्यास ती वेगळी करू नका. आणि थोरांना ठाऊक असलेली हकीकत त्यांच्याच तोंडून आज लिहून घ्या.

निघताना बाईंनी मामंजींचे नाव आमच्या वहीत लिहविले. पलटण त्यांना आठवेना. त्या नावापुढील जागा आम्ही कोरी ठेवली आहे.