व्हेनिसचे वार्तापत्र : अल्दोचा उजेड
निपाणीहून कोल्हापूरकडे निघाले म्हणजे वाटेत जे कागल लागते, त्या कागलात जन्मलेले शेख फत्तेलाल आणि त्यांचे सहकारी विष्णुपंत दामले यांनी दिग्दर्शिलेला प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली ज्या लिडो बेटावरील महोत्सवात गौरविला गेला, त्या बेटावर उतरताना मन आपल्याच मुलखात गेले, यात नवल नाही. तथापि आज लिहावयाचे आहे ते येथील एका छायालेखकाविषयी.

व्हेनिसजवळच्या स्कोर्झे गावी १९०५ साली जन्मलेल्या अल्दो ग्रात्सियाती याची उमेदीची वर्षे फ्रान्समध्ये चित्रपटांची स्थिरचित्रे घेण्यात गेली, आणि स्वतंत्र छायालेखनाची सनद त्याला चाळिशी उलटल्यावर, विस्कोन्ती यांच्या ‘ला तेर्रा त्रेमा’ (१९४८) या चित्रपटाने मिळाली. सिसिलीतील आची त्रेत्सा या गावी, तेथल्याच कोळ्यांना घेऊन, त्यांच्या घरांतून व होड्यांतून तो चित्रित झाला. रात्रीच्या काळ्या पाण्यावर हेलावणारे होड्यांचे दिवे, वादळात सापडलेल्या होडीची वाट पाहत खडकावर उभ्या राहिलेल्या काळ्या वस्त्रांतील स्त्रिया, ही दृश्ये एकदा पाहिलेला मनुष्य ती विसरत नाही. हे कोळी सिसिलीची बोली बोलतात, आणि ती इटलीतल्याच इतर प्रांतांत कोणाला उमगेना, म्हणून चित्रपटाला इटालियन निवेदन जोडावे लागले. १८६१ साली एक राज्य झालेल्या या देशात घरातली बोली आणि दफ्तरातली भाषा यांतील अंतर सरकारी फर्मानाने मिटले नाही. सीमाभागातील वाचकाला याहून अधिक सांगणे नको.

पुढे डी सिका यांच्या ‘उम्बेर्तो डी.’मध्ये पहाटे उठलेली मोलकरीण स्वयंपाकघरात कॉफी दळते. दुसरे काही घडत नाही, केवळ खिडकीतून उजाडत जाते. पण त्या करड्या उजेडात तिचे सारे दैन्य दिसते. माझ्या मते अल्दोचे श्रेष्ठत्व याच प्रसंगात आहे.

१९५३ साली ‘सेन्सो’चे चित्रण चालू असता मोटार अपघातात तो मृत्यू पावला. छायालेखक म्हणून त्याला लाभली ती जेमतेम सहा वर्षे. परंतु त्याच्या हाताखाली तयार झालेला जुझेप्पे रोतुन्नो पुढे या देशातील अग्रगण्य छायालेखकांत गणला गेला.

‘संत तुकाराम’ म्हटले की आपल्याकडे विष्णुपंत पागनीस आठवतात, आणि ते योग्यच आहे. तो चित्रपट बेळगावात वा निपाणीत पुन्हा लागेल तेव्हा वाचकांनी आरंभीची नामावली मात्र लक्षपूर्वक वाचावी. छायालेखन व्ही. अवधूत यांचे आहे.