शेतकरी पूर्वजांचा शोध आणि सरकारी दफ्तरे

बडोद्यास स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांपैकी पुष्कळांचे मूळ गाव पुणे, नाशिक, सातारा किंवा कोकण या भागांत असते. गावाचे नाव ठाऊक असते, पणजोबांचे नावही सहसा सांगता येते; त्यापलीकडे मात्र बहुधा काही सांगता येत नाही. सरदार-वतनदारांच्या घरी सनदा आणि करीने जपलेले असतात. ज्यांचा पूर्वज केवळ शेतकरी होता, त्यांच्या घरी असे काही नसते. आणि म्हणून आपल्या कुळास इतिहासच नाही, अशी त्यांची समजूत होते. ही समजूत बरोबर नाही. शेतकऱ्याने स्वतः काही लिहून ठेवले नसले, तरी त्याच्याकडून सारा घेणाऱ्या प्रत्येक राजवटीने त्याच्याविषयी लिहून ठेवले आहे. म्हणून त्याचा शोध घ्यावयाचा तर माणसापेक्षा जमिनीचा माग काढावा लागतो. तो कसा काढावा, याचे दिग्दर्शन करण्याचा आमचा विचार आहे.

अशा शोधाचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बडोद्याचेच आहे. १८७५ च्या एप्रिलमध्ये मल्हारराव महाराज पदच्युत झाले आणि खंडेराव महाराजांच्या राणी जमनाबाईसाहेब यांना दत्तक घेण्याची अनुज्ञा मिळाली. गायकवाड घराण्याची एक शाखा मालेगावच्या बाजूस कवळाणे या खेड्यात शेती करून राहत होती. काशीराव गायकवाडांचे हे कुळ पिलाजीरावांचे पुत्र प्रतापराव यांच्यापासून चालत आलेले आहे, हे चौकशीअंती मान्य झाले. आणि २७ मे १८७५ रोजी काशीरावांचे बारा वर्षांचे पुत्र गोपाळराव दत्तविधानाने सयाजीराव झाले. पिलाजीरावांचा वध १७३२ मध्ये झाला होता. म्हणजे एका शेतकरी कुटुंबाचा सुमारे दीडशे वर्षांचा धागा येथे जुळवावा लागला. गादीचा प्रश्न असल्यामुळे ही चौकशी झाली. कवळाण्यातील इतर शेतकऱ्यांच्या वंशाची चौकशी करण्याचे कोणास कारण नव्हते. तथापि शेतसाऱ्याच्या दफ्तरात त्यांचीही नावे लिहिली जातच होती.

शोधाचा पहिला नियम असा की, ज्ञाताकडून अज्ञाताकडे, म्हणजे आजपासून मागे जावे. एखाद्या प्रसिद्ध पुरुषापासून खाली येऊन आपले नाव त्यास जोडू पाहणारा मनुष्य बहुतेक वेळा फसतो. आरंभ शाळेपासून करावा. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, जन्मतारीख, जन्मस्थान, जात आणि पालकाचे नाव एका ओळीत सापडते. त्याच्या जोडीस गावचे जन्म-मृत्यूचे पुस्तक, म्हणजे ज्यास खेड्यात कोतवाल बुक म्हणतात तो गाव नमुना १४, पाहावा.

यानंतर जमिनीकडे वळावे. १९०३ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीची पद्धत सुरू झाली. आज सर्वांच्या तोंडी असलेला सात-बारा त्याच परंपरेतला आहे. गुजरातेतही हाच क्रमांक रूढ आहे, हे मुंबई इलाख्याच्या सामाईक वारशामुळे. पण वंशशोधकास सात-बाऱ्यापेक्षा फेरफाराची वही अधिक उपयोगी पडते. खातेदार मरण पावला की वारसाची नोंद होते. तीत मुलांची नावे, विधवेचे नाव, क्वचित मुलींचीही नावे येतात. अशा तीन-चार नोंदी एकापुढे एक ठेवल्या की वंशावळ आपोआप तयार होते. मात्र एक अडचण ध्यानात ठेवावी. १९४७ च्या कायद्यान्वये जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेथे जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. दोहोंचा मेळ एकत्रीकरणाच्या तक्त्यावरून घालावा लागतो. तो न घालता मागे जाणारा मनुष्य दुसऱ्याच्याच शेतात जाऊन पोहोचतो.

१९०३ च्या मागे गोल्डस्मिड व विंगेट यांच्या मोजणीचे कागद आहेत. या मोजणीची पद्धत पुणे जिल्ह्यातील इंदापूर तालुक्यात १८३६ च्या सुमारास सुरू झाली आणि पुढे इलाखाभर पसरली. प्रत्येक शेताला नंबर, आकार आणि खातेदार मिळाला तो या वेळी. येथे जिल्ह्यांच्या फेरबदलाकडे लक्ष द्यावे. कवळाणे आज नाशिक जिल्ह्यात आहे. परंतु नाशिक जिल्हा निर्माण झाला १८६९ मध्ये. गोपाळरावांच्या जन्मवर्षी, १८६३ मध्ये, मालेगावचा मुलूख खानदेशात होता. अशा गावाचे जुने कागद केवळ नाशकास शोधून भागत नाही.

पेशवाईच्या काळात शिरले की कागद मोडीत आणि कालगणना शुहूर सनाची लागते. हा सन मृग नक्षत्री बदलतो. शेतकऱ्याच्या वर्षाशी त्याचा मेळ आहे. सनाचे आकडे अरबी शब्दांत लिहीत. 'सलास सबैन मया व अलफ' म्हणजे तीन, सत्तर, शंभर आणि हजार, अर्थात ११७३. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७७२ चा जून ते १७७३ चा जून हे वर्ष निघते. नावाच्या पुढे 'बिन' आले की पुढचे नाव बापाचे, आणि स्त्रीच्या नावापुढे 'कोम' आले की पुढचे नाव नवऱ्याचे समजावे. महजरांवर शेतकऱ्याची सही नसते; त्याच्या नावापाशी नांगराची निशाणी असते. कुणब्याचा हातचा म्हणता येईल असा कागदावर उरलेला ठसा बहुधा तेवढाच.

या काळात मिरासदार आणि उपरी हा भेद महत्त्वाचा आहे. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, म्हणून तिच्या नोंदीही पिढ्यान्‌पिढ्या एका गावी सापडतात. गावच्या थळझाड्यात तर मूळ कुळांच्या नावांनी थळे सांगितलेली असतात, आणि नष्ट झालेल्या कुळाची जमीन 'गतकूळ' म्हणून दाखविलेली असते. उपरी मात्र काही वर्षे जमीन कसून निघून जाई. त्याचे नाव एका लावणीपत्रकात येते आणि पुढच्यात नाहीसे होते. अशा ठिकाणी धागा तुटला, तर तो तुटला असेच लिहावे. कल्पनेने जोडू नये. दुसरा धोका नावांचा. नातवास आजोबांचे नाव ठेवण्याच्या चालीमुळे 'राणोजी बिन बाळोजी' आणि 'बाळोजी बिन राणोजी' अशी जोडी आळीपाळीने येत राहते, आणि असावध वाचकाच्या हातून दोन पिढ्या एक होतात किंवा एकीच्या दोन होतात. सन आणि शेत ही दोन्ही जुळल्यावाचून माणूस एकच मानू नये.

हा सर्व उद्योग केवळ कुलाभिमानाचा नाही, याचा प्रत्यय अलीकडे सर्वांस आला आहे. २०२३ मध्ये महाराष्ट्रात न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या कामाच्या निमित्ताने कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महसुली कागद आणि शाळांची रजिस्टरे अशी जुनी दफ्तरे गावोगाव उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांची किती चणचण आहे हे उघड झाले. आरक्षणाच्या वादाविषयी कोणाचे मत काहीही असो. शेतकऱ्याच्या नातवास आपल्या आजोबांविषयीचा कागद समोर असून वाचता येऊ नये, ही स्थिती विद्येच्या क्षेत्रातील माणसांना भूषणावह नाही.

बडोद्यास या बाबतीत मोठी परंपरा आहे. १८८९ पासून सयाजीराव महाराजांच्या सेवेत असलेल्या गोविंद सखाराम सरदेसाई यांनीच निवृत्तीनंतर पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादिले. गायकवाडी दफ्तराचे मोडी कागदही बडोद्याच्या सरकारी अभिलेखागारात आहेत. मोठ्या संपादकांनी राजकारणाचे कागद निवडले, ते त्या काळास उचितच होते. शेतकऱ्यांचे कागद निवडण्याचे काम मात्र अद्याप पुष्कळसे शिल्लक आहे, आणि ते शिक्षकांच्या आवाक्यातले आहे. प्रत्येक जुन्या शाळेने आपले पहिले जनरल रजिस्टर वाळवीपासून राखावे आणि त्याची प्रत करून ठेवावी. साहित्यसंस्थांनी वर्षास एक तरी मोडीचा वर्ग चालवावा. आणि वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांस आपल्या घराण्याच्या एका तरी फेरफार नोंदीची नक्कल करावयास सांगावे. इतिहास म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी वृत्तांत, ही मुलांची समजूत त्या एका कागदाने दूर होईल, असा आमचा विश्वास आहे.