परत बोलावलेली मोटार

घरांत मोटार असणें ही आतां श्रीमंतीची खूण राहिलेली नाहीं. आमच्या बेंबळीसारख्या गांवांतही कित्येक ओसऱ्यांपुढें गाडी उभी दिसते, आणि त्यांतील पुष्कळशा गाड्या पुण्या-मुंबईहून दुसऱ्या हातानें आलेल्या असतात. अशी गाडी घेतांना आपण रंग पाहतों, किती किलोमीटर पळाली तें विचारतों, टायर दाबून पाहतों, आणि पसंत पडली म्हणजे मुहूर्त काढून तुळजापुरास नेऊन आणतों. परंतु या गाडीला तिच्या कारखान्यानें कधीं परत बोलावलें होतें काय, हा प्रश्न निदान आम्हीं तरी विचारला नव्हता. तो न विचारल्याची शिक्षा आमच्या घरांत भलत्याच माणसास भोगावी लागली. ती हकीकत पुढें सांगूं. आधीं हें ‘परत बोलावणें’ म्हणजे काय तें पाहूं.

मोटारींत हजारों सुटे भाग असतात व ते निरनिराळ्या कारखान्यांतून येतात. एखाद्या भागाच्या घडणींत चूक राहिली तर ती एकाच गाडींत राहत नाहीं. त्याच साच्यांतील भाग बसविलेल्या हजारों गाड्यांतून ती देशभर पसरते. चूक ध्यानीं आली म्हणजे कारखानदारानें त्या सर्व गाड्यांच्या मालकांस कळवावें, गाडी आपल्या सर्व्हिस सेंटरमध्यें आणवावी व तो भाग पदरच्या खर्चानें बदलून द्यावा, यास ‘रिकॉल’ म्हणतात. अमेरिकेंत मोटारींच्या सुरक्षिततेचा कायदा १९६६ सालीं झाला. आदल्याच वर्षीं रॅल्फ नेडर यांच्या पुस्तकानें तेथील लोकमत जागें झालें होतें. आपल्याकडे ‘सियाम’ या कारखानदारांच्या संघटनेनें जुलै २०१२ मध्यें स्वेच्छेची एक नियमावली केली, आणि कायद्याची सक्ती येण्यास एप्रिल २०२१ उजाडावा लागला.

स्वेच्छेचा कारभार कसा चालतो हें समजण्यास टाटांच्या नॅनो गाडीची हकीकत बोधप्रद आहे. एका स्कूटरवर सबंध कुटुंब पावसांत भिजत चाललेलें पाहून आपणांस ही कल्पना सुचली, असें रतन टाटा सांगत असत. गिरीश वाघ या मराठी अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं ती गाडी घडली. १० जानेवारी २००८ रोजीं दिल्लीच्या प्रदर्शनांत ती लोकांस दाखविली गेली आणि २३ मार्च २००९ रोजीं मुंबईंत विक्रीस निघाली. त्या दिवसांत आमच्या शाळेच्या शिक्षकखोलींत दुसरा विषय नव्हता. एक लाख रुपयांच्या आसपास किंमत! मास्तराच्या आवाक्यांत मोटार येणें हेंच नवल होतें. दोन लाखांवर मागण्या आल्या व पहिल्या एक लाख गाड्या कोणास द्यावयाच्या हें सोडत काढून ठरवावें लागलें.

पहिल्याच वर्षीं कांहीं गाड्यांच्या स्टिअरिंगजवळील खटक्यांतून धूर निघाल्याच्या तक्रारी आल्या. धूर दिसला म्हणजे अग्नीचें अनुमान करावें, हें न्यायशास्त्राचा पहिला धडा घेणारा विद्यार्थीही जाणतो. मार्च २०१० मध्यें मुंबईंत एका नव्या कोऱ्या नॅनोनें, दुकानांतून घरीं नेत असतांनाच, पेट घेतला. आंतील माणसें सुदैवानें बचावलीं. पुढच्याच महिन्यांत गुजरातेंत आणखी एक गाडी जळाली. कंपनीनें चौकशी केली. दोष सर्व गाड्यांच्या रचनेंत नसून त्या त्या गाडीपुरत्या कारणांचा आहे, असा तिचा निष्कर्ष निघाला. तरीही नोव्हेंबर २०१० मध्यें विकलेल्या सत्तर हजारांवर गाड्यांच्या धूरनळीस व विजेच्या व्यवस्थेस जास्तीचें संरक्षण विनामूल्य बसवून देण्याचें तिनें जाहीर केलें. मात्र हें ‘परत बोलावणें’ नव्हे, असें बजावून सांगितलें. जुलैमध्यें ज्या गाडीचा खप सुमारें नऊ हजार होता, तिच्या त्या नोव्हेंबरांत सबंध देशांत ५०९ गाड्या विकल्या गेल्या.

खप उतरण्यास कर्ज मिळण्याची अडचण वगैरे इतरही कारणें होतीं, आणि कंपनीनें खोटें सांगितलें असें म्हणण्यास आमच्यापाशीं कांहींएक आधार नाहीं. उलट, डिसेंबरांत तिनें गाडीची हमी चार वर्षांपर्यंत वाढविली, व वर्षभरानें एक लाखाहून अधिक गाड्यांचे स्टार्टरही बदलून दिले. परंतु भाग बदलून द्यावयाचा आणि शब्द मात्र उच्चारावयाचा नाहीं, या सावधपणानें काय साधलें? ज्याच्या दारांत गाडी उभी होती त्यास आपली गाडी धोक्याची आहे कीं नाहीं, याचें सरळ उत्तर मिळालें नाहीं. २०१४ सालीं धडकेच्या परीक्षेंत नॅनोस एकही तारा मिळाला नाहीं, पण ती गोष्ट निराळी. तेथें प्रश्न सांगाड्याच्या मजबुतीचा होता, चुकून राहिलेल्या दोषाचा नव्हे. २०१८ च्या सुमारास ही गाडी निघणेंच थांबलें.

आमच्याच जिल्ह्यांतील तेर हें गोरोबाकाकांचें गांव. संतमंडळी जमली असतां काकांनीं थापटणें घेऊन प्रत्येकाच्या मस्तकावर मारून पाहिलें आणि नामदेवांचें मडकें कच्चें ठरविलें, ही कथा घरोघरीं ठाऊक आहे. नामदेव रागावले, पण पुढें विसोबा खेचरांकडे गेले. कच्चें म्हटल्यानें त्यांची थोरवी कमी झाली असें आजवर कोणी म्हटलेलें आम्हीं ऐकलें नाहीं. कारखानदारांस मात्र ‘कच्चें’ हा शब्द फार लागतो.

आतां काळ कांहींसा पालटला आहे. पुण्याजवळ चाकण येथें तयार होणाऱ्या महिंद्रांच्या एक्सयूव्ही ७०० या गाडींत इंजिनाजवळील विजेच्या तारा घासून कापल्या जाण्याचा संभव दिसला, तेव्हां ऑगस्ट २०२३ मध्यें कंपनीनें १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठीं बोलाविल्याचें उघड जाहीर केलें. जुलै २०२३ मध्यें मारुतीनेंही स्टिअरिंगच्या एका दांड्यासाठीं ८७,५९९ गाड्या बोलाविल्या. असे आंकडे वाचून पुष्कळ लोक ‘ही कंपनी वाईट’ असा निकाल देतात. आमच्या मतें आंकडा जाहीर करणाऱ्या कंपनीपेक्षां मौन धरणारीस अधिक भ्यावें.

२०१९ च्या सुधारित मोटार वाहन कायद्यानें सरकारास गाड्या परत बोलावण्याचा हुकूम देतां येतो. त्याखालील नियम सात वर्षांच्या आंतील वाहनांस लागू आहेत, आणि हुकमाची पाळी आली तर कारखानदारास दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत दंड होऊं शकतो. पण त्यास अट आहे. एकाच दोषाबद्दल ठराविक संख्येच्या तक्रारी सरकारच्या दप्तरीं यावयास हव्या. आणि तक्रार कोण करणार? दोष गाडीचा आहे असें ज्यास वाटेल तोच ना! आमच्या घरीं तें कोणास वाटलेंच नाहीं.

आमची थोरली सून धाराशिवास शाळेंत शिकविते व रोज मोटारीनें जाऊन येऊन करते. गाडी पुण्याच्या एका गृहस्थांकडून घेतलेली. कंपनीचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. दोन वर्षें बरी चालली. मग चालतां चालतां इंजिन एकाएकीं बंद पडूं लागलें. बाजूस उभी करून थोड्या वेळानें किल्ली फिरवावी तों पुन्हा सुरू. एका मेकॅनिकनें पेट्रोलमध्यें पाणी आहे म्हणून टांकी धुतली, दुसऱ्यानें प्लग बदलले. आमच्या धाकट्या बंधूंनीं गाडी दोन दिवस चालवून पाहिली. ती एकदांही थांबली नाहीं. झालें! घरानें निकाल दिला कीं, दोष चालविणारणीचा. पुराव्यावांचून कोणास दोषी धरूं नये असें आम्हीं जन्मभर मुलांस शिकविलें. आणि आम्हीच एके रात्रीं पानावर बसलों असतां सर्वांसमक्ष म्हणालों, ‘‘सूनबाई, क्लच जरा बेतानें सोडत जा.’’ ती कांहीं बोलली नाहीं.

नवरात्रांत तुळजापुराहून परततांना हमरस्त्यावर, मागून ट्रक येत असतां, इंजिन बंद पडलें. मागच्या बाजूस आमची दोन नातवंडें व त्यांची आजी बसलेली. इंजिन थांबलें म्हणजे स्टिअरिंग जड होतें व ब्रेकलाही जास्त जोर लागतो, हें आम्हांस तेव्हां ठाऊक नव्हतें. सुनेनें दोन्ही हातांनीं चक्र ओढून गाडी उरल्या वेगावर डाव्या कडेस घेतली. ट्रक कर्णा वाजवीत अगदीं लगटून गेला. घरीं आल्यावर तिनें एवढेंच विचारलें, ‘‘मामंजी, उद्यांपासून मी बसनेंच जाऊं का?’’ आम्हीं ‘बरें’ म्हटलें. तें ‘बरें’ अजून आमच्या कानांत आहे.

दिवाळींत पुतण्या आला. त्यानें गाडीच्या आर.सी. बुकांतील चासीचा सतरा अक्षरांकांचा क्रमांक घेऊन मोबाइलवर कंपनीच्या पानावर घातला, आणि उत्तर क्षणांत आलें. गाडीच्या इंधनपंपांत दोष असून ती दीड वर्षापूर्वींच परत बोलावलेली होती. पंपांतील लहानसें चक्र इंधन शोषून वेडेंवांकडें होई. कधीं अडके, कधीं फिरे. बंधूंच्या हातीं तें फिरलें, इतकेंच. पत्रही गेलें होतें, परंतु पुण्याच्या पत्त्यावर. गाडी आमच्या नांवावर झाली होती ती आर.टी.ओ.च्या दप्तरीं, कंपनीच्या वहींत नव्हे. लातुरास नेल्यावर अर्ध्या दिवसांत पंप बदलून मिळाला व एक पैसाही द्यावा लागला नाहीं.

त्या संध्याकाळीं सून वह्या तपाशीत बसली होती तेथें आम्ही गेलों व आमची चूक झाली असें तिला सांगितलें. ती उठून उभी राहिली. म्हणाली, ‘‘मामंजी, तुम्ही क्लचचें बोललांत त्याचें कांहीं नाहीं. पण खरोखर माझेंच चुकतें असें मलाही वाटूं लागलें होतें.’’ तिला गाडीची किल्ली परत देतांना आम्हांस काय वाटलें तें येथें लिहीत नाहीं.

जुनी गाडी घेणाऱ्यांनीं पैसे मोजण्याआधीं तो सतरा अक्षरांकांचा क्रमांक तपासावा, आणि घेतल्यावर आपलें नांव, पत्ता व फोन कंपनीस आठवणीनें कळवावा. गाडी वारंवार एकाच रीतीनें दगा देत असेल तर तारीख व किलोमीटर टिपून ठेवावे आणि सरकारकडे तक्रार नोंदवावी. सात वर्षांवरील गाडीस सक्ती लागू नसली तरी कंपन्या पुष्कळदां आपण होऊन दुरुस्ती करून देतात. तेव्हां जुन्या गाडीचाही क्रमांक पाहण्यास हरकत नाहीं.

ही गोष्ट गांवांत पसरल्यापासून आमच्या ओसरीवर लोक आर.सी. बुकें घेऊन येऊं लागले आहेत. सून शाळेंतून आली कीं एकेक क्रमांक घालून पाहते. बहुतेकांचें कांहीं निघत नाहीं. परवां शेजारच्या काकांच्या गाडीचें निघालें, ब्रेकच्या एका भागाचें. ते गुरुवारीं सोलापुरास जाणार आहेत. वाटेंत गाडी कोणी चालवावी हा प्रश्न निघाला, तेव्हां त्यांनीं आमच्याकडे न पाहतां सुनेकडे पाहिलें.